घोड्याच्या रक्तापासून यीस्टच्या टाकीपर्यंत : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची वाटचाल

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा असो की मुंबईतील परळ, सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकाप्रमाणे बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ-ब ची लस टोचली जाते. अर्ध्या मिलिलिटरच्या त्या मात्रेत खरे औषध असते अवघे १० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमात अशा एक लाख बाळांची सोय होते. हे औषध म्हणजे एक प्रथिन. ते विषाणूचे असले तरी विषाणूपासून काढलेले नसते. विषाणूचे एक जनुक यीस्टच्या पेशीत घालून, त्या पेशींकडून मोठ्या टाकीत ते करवून घेतलेले असते. मग पेशी फोडून, गाळून, वेगळे करून ते इतके शुद्ध केलेले असते, की तान्ह्या बाळाच्या शरीरात सोडताना कोणाचा हात कचरत नाही.

अशी प्रथिने बनवण्याचे आणि शुद्ध करण्याचे काम आपल्या राज्यात ज्या संस्थांनी मोठ्या प्रमाणावर उभे केले, त्यांत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया अग्रभागी आहे. कोविडच्या काळात तिचे नाव घरोघरी पोहोचले. पण त्या एका लशीच्या आधीची आणि नंतरची वाटचाल फारशी सांगितली जात नाही. मला ती सांगावीशी वाटते ती एका कारणासाठी. या संस्थेच्या सहा दशकांत प्रथिनाचा उगम बदलत गेला: आधी घोडा, मग जीवाणू, मग यीस्ट, मग सस्तन प्राण्यांच्या आणि कीटकांच्या पेशी. प्रथिन योग्य आकारात टिकवायचे आणि त्याच्याभोवतीचा सगळा गाळ काढून टाकायचा, हे कसब मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढवत न्यावे लागले. संस्थेची खरी पुंजी तीच आहे.

हडपसरचा आरंभ

पुण्याच्या पूनावाला घराण्याचा मूळ व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा. १९४६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या स्टड फार्ममधले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे जात. परळच्या या जुन्या सरकारी संस्थेत घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचे आणि सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होई. घोडे आपले आणि औषध दुसरीकडे होते, तर ते आपणच का करू नये, हा विचार तरुण सायरस पूनावालांच्या मनात आला. त्यातून १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ‘सीरम’ म्हणजे रक्तातील पेशी आणि गुठळी वेगळी झाल्यावर उरणारा पिवळसर द्रव, आपल्या भाषेत रक्तजल. संस्थेचे नाव तिच्या पहिल्या कामावरूनच पडले. १९६७ मध्ये धनुर्वातविरोधी सीरम बाजारात आले.

त्या काळात धनुर्वात ही खेड्यापाड्यांतली रोजची धास्ती होती. शेतात लागलेला विळा, पायात रुतलेला खिळा, अस्वच्छ पात्याने कापलेली नाळ, यांतल्या कशानेही जीव जाई. औषधे बाहेरून मागवावी लागत आणि ती महाग पडत. देशात बनवायचे, स्वस्तात बनवायचे आणि पुरेसे बनवायचे, हे धोरण संस्थेने पहिल्या दिवसापासून धरले.

हाफकिन आणि सीरम यांचे नाते घोड्यांपुरते नव्हते. हाफकिनमध्ये घडलेली माणसे पुढे हडपसरला आली. त्यांत डॉ. सुरेश जाधव यांचे नाव आदराने घ्यायला हवे. नागपूर विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले डॉ. जाधव हाफकिनमधून सीरममध्ये आले आणि कार्यकारी संचालक या नात्याने अनेक दशके संस्थेचा आधारस्तंभ राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी संस्थेत जमा झालेले ज्ञान खासगी कारखान्यात कसे फळाला येते, याचे ते चालतेबोलते उदाहरण होते.

रक्तातून औषध

घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढणे हे मुळात प्रथिनाच्या शुद्धीकरणाचेच काम आहे. १८९० मध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की विषाची मात्रा हळूहळू वाढवत दिलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारा घटक तयार होतो. तो घटक म्हणजे प्रतिपिंड, एक प्रथिन. पण घोड्याचे कच्चे रक्तजल माणसाला टोचले, तर शरीर त्यातल्या इतर प्रथिनांविरुद्ध उठते. ताप, पुरळ, सांधेदुखी येते, क्वचित जिवावर बेतते. म्हणून ते शुद्ध करणे भाग पडते.

त्याची रीत अशी. घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करायचा. पेप्सिन या पाचक विकराने प्रतिपिंडाची शेपटी कापायची, कारण त्रास बहुधा तिच्यामुळे होतो आणि विषाला पकडणारे दोन हात तिच्याशिवायही काम करतात. मग अमोनियम सल्फेट हे मीठ मोजून घालायचे. ठरावीक प्रमाणाला नको ती प्रथिने साका होऊन खाली बसतात, प्रमाण वाढवले की हवे ते बसते. शेवटी मीठ काढून टाकायचे, गाळायचे, तपासायचे. आम्लता थोडी चुकली किंवा तापमान चढले, की प्रथिनाचा आकार बिघडतो आणि पूर्ण बॅच वाया जाते.

१९७४ मध्ये संस्थेने घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस आणली. १९८१ मध्ये सर्पदंशावरचे सीरम आले: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे. सोयाबीन-तुरीच्या रानात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला या कुपीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९८९ मध्ये गोवराची लस आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत पुण्याच्या कुप्या इतर देशांत जाऊ लागल्या.

घडीचे गणित

इथवरची प्रथिने निसर्गाने घडवून दिलेली होती. घोड्याने प्रतिपिंड घडवले, जीवाणूने विष घडवले, माणसाने ते वेगळे केले. जनुक-अभियांत्रिकी आल्यावर प्रश्न बदलला. एका जीवाचे प्रथिन दुसऱ्याच जीवाकडून करवून घ्यायचे, तर त्याची घडी बरोबर पडेल का?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पण नुसती साखळी कामाची नसते. फेट्याचे कापड कितीही चांगले असले तरी ठरल्या जागी पीळ आणि खोच पडल्याशिवाय त्याचा फेटा होत नाही, तसेच हे आहे. साखळी आपल्यावरच वळते, दुमडते, आणि काही ठिकाणी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन कड्या गंधकाच्या दुव्याने एकमेकींना पकडतात. त्या खोचा पक्क्या झाल्या की आकार टिकतो.

ही घडी कोण शिकवते? अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सेन यांनी रिबोन्यूक्लिएज नावाचे १२४ अमिनो आम्लांचे प्रथिन घेतले. त्यात गंधकाचे चार दुवे असतात. युरिया आणि एका क्षपणकारक रसायनाने त्यांनी ते पूर्ण उलगडले, दुवे तोडले. मग ती रसायने हळूहळू काढून घेतली. मोकळ्या झालेल्या आठ सिस्टीनांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, पण प्रथिनाने नेमकी मूळचीच मांडणी पुन्हा साधली आणि त्याचे कार्यही परत आले. साखळीच्या क्रमातच घडीची सूचना असते, हे त्यातून सिद्ध झाले. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. आज जगभर चालणाऱ्या प्रथिनांच्या पुनर्घडणीचा पाया हाच.

प्रयोगशाळेत चमचाभर द्रावणात साधलेली ही गोष्ट कारखान्यात मात्र फार कठीण जाते. ई. कोलाय हा जीवाणू परक्या जनुकावरून प्रथिन झपाट्याने करतो, पण पुष्कळदा घडी घालण्याआधीच त्याचे गठ्ठे पेशीत साचवतो. हे गठ्ठे बाहेर काढून धुवायचे, ८ मोलर युरियात किंवा ६ मोलर ग्वानिडिनमध्ये विरघळवायचे, चुकीचे दुवे तोडायचे. त्यानंतर ते द्रावण मोठ्या पात्रात एकदम पातळ करायचे, म्हणजे साखळ्या एकमेकींपासून दूर राहतील आणि प्रत्येकीला आपापली घडी घालता येईल. ग्लुटाथायॉन या रसायनाच्या दोन रूपांची जोडी योग्य दुवे जुळवायला मदत करते, आर्जिनिन हे अमिनो आम्ल साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. द्रावण दाट ठेवले तर घडी पडण्याआधीच त्या चिकटतात आणि पुन्हा गठ्ठा होतो. पातळ ठेवले तर थोड्याशा प्रथिनासाठी हजारो लिटरचे पात्र लागते. खर्च आणि शुद्धता यांची झुंज इथे सुरू होते.

१९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले जनुक-अभियांत्रिकी औषध, मानवी इन्सुलिन, याच मार्गाने आले. त्याच्या दोन साखळ्या ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या करून नंतर गंधकाच्या दुव्यांनी जोडल्या जात. कर्करोगाच्या उपचारानंतर पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिमही ई. कोलायच्या गठ्ठ्यांतून पुन्हा घडवले जाते. पुण्यात हिंजवडीच्या जिनोव्हासारख्या कंपन्या अशा जैवऔषधांच्या क्षेत्रात काम करत आहेत.

यीस्टची निवड

सीरमने आपल्या जनुक-अभियांत्रिकीच्या लशींसाठी मुख्यत्वे दुसरी वाट धरली. ती यीस्टची.

कावीळ-ब च्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन बारूक ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात सापडले होते. १९८१ मध्ये आलेली पहिली लस रुग्णांच्या रक्तद्रवातून काढलेली होती. रक्तावर अवलंबून राहून जगातल्या सगळ्या बाळांना पुरेल इतकी लस होणे शक्य नव्हते. १९८६ मध्ये अमेरिकेत यीस्टमध्ये बनवलेल्या लशीला मान्यता मिळाली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये अशी लस आणली आणि शेकडो रुपयांची आयात लस स्वस्त होऊ लागली. या शतकाच्या आरंभी सीरमची ‘जीन व्हॅक-बी’ आली. तिच्यासाठी निवडलेले यीस्ट होते हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा. याच यीस्टच्या बळावर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्टने २००३ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आणले.

हे यीस्ट मिथेनॉलवर वाढते. मिथेनॉल मिळाले की त्याचे एक विशिष्ट जनुक जोरात चालू होते. त्या जनुकाच्या कळीला परक्या प्रथिनाचे जनुक जोडून दिले, की आधी पेशी भरपूर वाढवायच्या आणि मग मिथेनॉल देऊन त्यांच्याकडून हवे ते प्रथिन करवून घ्यायचे, असे दोन टप्पे करता येतात. यीस्टला आपल्यासारखेच केंद्रक असते, घडी घालायला मदत करणारी यंत्रणा असते. ई. कोलायच्या आवरणातले ताप आणणारे एंडोटॉक्सिन त्यात नसते.

तरीही पुनर्घडणीतून सुटका नाही. कावीळ-ब च्या या प्रथिनात २२६ अमिनो आम्ले आणि १४ सिस्टीन असतात. शंभराच्या आसपास रेणू मेदासह एकत्र येऊन सुमारे २२ नॅनोमीटरचा गोल कण तयार होतो, आणि शरीर ओळखते ते या कणाला. यीस्टच्या पेशीत हे रेणू सैलसर जमतात. पेशी फोडल्यावर, शुद्धीकरणाच्या ओघात, त्यांच्यातले गंधकाचे दुवे पक्के होतात. म्हणजे शुद्ध करणे आणि घडवणे ही दोन कामे इथे एकमेकांत गुंतलेली आहेत. घाईने केलेल्या शुद्धीकरणाने प्रथिन मिळेल, पण लस मिळणार नाही.

गाळणीमागून गाळणी

असे काम चालते तो विभाग बाहेरून पाहणाऱ्याला नळ्या, पोलादी पात्रे आणि काचेचे स्तंभ (कॉलम) एवढाच दिसतो. आत काय चालते ते समजून घेण्यासारखे आहे.

टाकीतले यीस्ट आधी दाट करून मोठ्या दाबाखाली फोडतात. हव्या प्रथिनाबरोबर यीस्टची हजारो प्रथिने, मेद, साखरा आणि डीएनए एकाच रगाड्यात येतात. पहिल्या टप्प्यात पेशींचा चोथा काढायचा. मग प्रथिनाच्या स्वभावाप्रमाणे त्याला एकेका कसोटीतून न्यायचे. विद्युतभारावर वेगळे करणाऱ्या आयन-विनिमय कॉलममधून, पाण्याशी असलेल्या दुराव्यावर वेगळे करणाऱ्या कॉलममधून, आकारमानावर वेगळे करणाऱ्या जेलमधून. बारीक पडद्यांतून गाळून मीठ आणि लहान रेणू बाहेर काढायचे. कण मोठा असेल तर वेगाने फिरवून त्याच्या घनतेवर वेगळा करायचा. कॉलम भरताना, धुताना, सोडवून घेताना प्रत्येक नळीतल्या द्रवाची नोंद होते. एकही पायरी ‘अंदाजे’ होत नाही.

कावीळ-ब च्या लशीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची अट अशी, की एकूण प्रथिनांपैकी किमान ९५ टक्के प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावरचेच असले पाहिजे. यीस्टचा डीएनए, उरलेली रसायने, निर्जंतुकता यांच्या वेगळ्या चाचण्या असतात. आकार बरोबर आहे का, हे तपासायला असे प्रतिपिंड वापरतात जे फक्त नीट घडलेल्या प्रथिनालाच चिकटतात. इतक्या कसोट्यांतून उतरलेले प्रथिन शेवटी तुरटीसारख्या अॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवून कुपीत भरले जाते.

कारखान्यात जपलेला हा आकार पुढे गावापर्यंत जपावा लागतो. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवायची असते. उन्हाने तापणे वाईटच, पण गोठणे त्याहून वाईट, कारण गोठल्यावर क्षाराचे कण एकमेकांना धरून खाली बसतात आणि लस निकामी होते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका शंका आली की कुपी हलवून ‘शेक टेस्ट’ करते, दुसऱ्या कुपीशी ताडून पाहते. पुण्यातल्या शुद्धीकरण विभागाने सुरू केलेले काम वाशिमसारख्या जिल्ह्यात ती पूर्ण करते. दोन्हीकडच्या माणसांची नावे कुठे छापून येत नाहीत, पण एकाच्या कष्टाला दुसऱ्याच्या कष्टाशिवाय अर्थ नाही.

प्रथिनाला साखरेची जोड

२०१० हे वर्ष संस्थेच्या वाटचालीत मोठे. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी मेंदूज्वराची साथ येई आणि हजारो माणसे जात. त्यावरची स्वस्त लस बनवणे श्रीमंत देशांच्या कंपन्यांना परवडणारे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पाने हे काम सीरमकडे सोपवले. जीवाणूच्या आवरणातली साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडायची, म्हणजे लहान मुलाचे शरीरही ती ओळखते. हे जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांकडून आले. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवायची, ही अट सुरुवातीपासून होती आणि ती पाळली गेली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ‘मेनआफ्रिव्हॅक’च्या मोठ्या मोहिमेला सुरुवात झाली. जिथे ही लस पोहोचली तिथे ‘अ’ गटाच्या मेंदूज्वराच्या साथी ओसरल्या.

या यशातून न्यूमोनियावरच्या ‘न्यूमोसिल’कडे जाणे सोपे झाले. त्यात दहा प्रकारच्या न्यूमोकॉकसची साखर सीआरएम-१९७ या प्रथिनाला जोडलेली असते. हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचेच रूप, पण त्याच्या ५२ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आल्याने ते विषारी राहिलेले नाही. एका कडीचा बदल आणि जीवघेणे विष लशीचे वाहन बनते. ई. कोलायमध्ये हे प्रथिन केले तर ते बहुधा गठ्ठ्यांतच साचते आणि पुन्हा घडवावे लागते, म्हणून जगभर त्यासाठी निरनिराळ्या पद्धती शोधल्या गेल्या. २०१९ च्या अखेरीस न्यूमोसिलला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली.

घोड्यांच्या जुन्या कामाचाही पुढचा अध्याय लिहिला गेला. कुत्रा चावल्यावर जखमेत टोचायचे रेबीजविरोधी प्रतिपिंड घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळत, आणि त्यांचा तुटवडा कायमचा. अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्सबरोबर सीरमने ‘रॅबिशील्ड’ हे एकच, नेमके प्रतिपिंड पेशींच्या टाकीत तयार केले. २०१६ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. प्रतिपिंडाला धरून ठेवणाऱ्या ‘प्रोटीन-ए’च्या कॉलममुळे अशा औषधांच्या शुद्धीकरणाला वेगळीच गती आली आहे.

कोविड आणि मांजरी

कोविडमध्ये कोविशील्डने सगळ्यांचे लक्ष वेधले. प्रथिनांच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती ‘कोव्होव्हॅक्स’. नोव्हाव्हॅक्स कंपनीच्या या लशीत विषाणूचे काटेरी प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार केले जाते. ते मूळच्या रूपात चंचल असते, म्हणून त्यात दोन जागी प्रोलिन घालून त्याचा आकार पक्का केलेला आहे. शुद्ध केलेल्या प्रथिनांचे साबणासारख्या द्रव्याभोवती पुंजके होतात, तोच लशीचा कण. मात्रेत ५ मायक्रोग्रॅम प्रथिन असते. डिसेंबर २०२१ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारताची आपत्कालीन परवानगी मिळाली.

त्याच वर्षी २१ जानेवारीला संस्थेच्या मांजरी येथील संकुलातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगारांचा मृत्यू झाला. लस जगाला वाचवत होती आणि संस्थेच्या भिंती उभारणारे हात गेले. संस्थेच्या वाटचालीत त्यांचीही आठवण राहायला हवी.

सर्व्हाव्हॅक आणि आर-२१

गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक. तो बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि लशीने टळू शकतो. परदेशी लशींची किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची होती. जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने सीरमने ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस केली. जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये ती उपलब्ध झाली. विषाणूचे ६, ११, १६ आणि १८ हे चार प्रकार तिच्या कक्षेत येतात.

तिच्यातले प्रथिन पुन्हा त्याच मिथेनॉलवर वाढणाऱ्या यीस्टमध्ये तयार होते. एचपीव्हीचे एल-१ प्रथिन पाच-पाचच्या गटांत येते, आणि असे ७२ गट, म्हणजे ३६० रेणू मिळून विषाणूसारखा पोकळ गोळा बनतो. त्यात विषाणूचा डीएनए नसतो, म्हणून रोग होण्याची शक्यताच नाही. या जातीच्या लशींवर काम करताना अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते, की यीस्टमधून काढलेले गोळे एकदा मोडून, गंधकाचे दुवे सोडवून, नीट परिस्थितीत पुन्हा बांधले की ते अधिक एकसारखे आणि टिकाऊ होतात. अनफिन्सेन यांच्या प्रयोगाने सुरू झालेला विचार इथे गावातल्या मुलींच्या आरोग्यापर्यंत पोहोचला आहे.

आणि मग मलेरिया. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये एड्रियन हिल यांच्या गटाने तयार केलेली ‘आर-२१’ ही लस सीरम बनवते. तिची रचना पाहिली की जुने ज्ञान नव्या कामाला कसे येते ते कळते. मलेरियाच्या परोपजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा एक भाग कावीळ-ब च्या प्रथिनाला जोडला, की यीस्टमध्ये त्याचा कण बनतो आणि त्या कणावर मलेरियाचा भाग दाटीवाटीने बाहेर डोकावतो. ज्या संस्थेने वर्षानुवर्षे कावीळ-ब चा कण शुद्ध केला, तिला हा कण अनोळखी नव्हता. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियातील सुमारे ४,८०० मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले.

आर-२१ च्या मात्रेत ५ मायक्रोग्रॅम प्रथिन असते. वर्षाला १० कोटी मात्रांची क्षमता संस्थेने जाहीर केली आहे. हिशेब केला तर त्या सगळ्या मात्रांतले प्रथिन अवघे ५०० ग्रॅम भरते. अर्धा किलो प्रथिन आणि कोट्यवधी मुले. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम मलेरियाने घरे कशी उजाडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या अर्ध्या किलोचे वजन कळेल.

पुढची वाट

आज सीरम मात्रांच्या संख्येने जगातील सर्वांत मोठी लस-उत्पादक आहे. मला मात्र या वाटचालीतून एक वेगळी शिकवण दिसते. जनुकाचा क्रम आज संगणकावरून पाठवता येतो, परवाना करार करून मिळतो. पण हजार लिटरच्या टाकीतून बाहेर पडलेल्या रगाड्यातून नेमका हवा तो कण, नेमक्या आकारात, दर बॅचला तसाच काढणे कोणत्याही कराराने येत नाही. ते करून करूनच येते. हाफकिनच्या तबेल्यापासून मांजरीच्या पोलादी पात्रांपर्यंत ते ज्ञान माणसांच्या हातांतून हातांत गेले आहे.

म्हणून या ज्ञानाची काळजी घ्यायची तर इमारतींपेक्षा माणसांची घ्यायला हवी. विदर्भ-मराठवाड्यातून दरवर्षी शेकडो मुले-मुली जैवतंत्रज्ञानाची, सूक्ष्मजीवशास्त्राची, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतात. त्यांतल्या अनेकांनी कॉलम पुस्तकातल्या आकृतीतच पाहिलेला असतो. आपल्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात एक लहान फर्मेंटर, एक आयन-विनिमय कॉलम, पुनर्घडणीचा एक साधा प्रयोग स्वतःच्या हाताने करायला मिळाला, तर या मुलांचा या क्षेत्रातला प्रवेश खूप सोपा होईल. उद्योगाने आणि विद्यापीठांनी मिळून हे करावे. खर्च मोठा नाही आणि त्याचे फळ दूरगामी आहे.

सर्पदंशावर घोड्याशिवाय तयार होणारे प्रतिपिंड शोधण्याचे काम जगभर जोरात आहे. क्षयावर अधिक चांगली लस हवी आहे. दोन्ही दुखणी आपल्या मातीतली आहेत आणि दोन्हींच्या उत्तरात पुन्हा तेच दोन प्रश्न येणार: प्रथिनाची घडी बरोबर आहे का, आणि ते पुरेसे शुद्ध आहे का. त्या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी या संस्थेने महाराष्ट्रात सहा दशके केली आहे. ती तयारी पुढच्या पिढीच्या हातात सोपवणे हे आता तिचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे.